अवधान

बोरिवली पूर्व
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय आक्का,

खुब्याचं हाड मोडून घ्यायची तुझी वेळ चुकली. गणपती गेले आणि मग तू बाथरूममध्ये घसरलीस. पंधरा दिवस आधी घसरली असतीस तर निदान मोदक वळण्यातून सुटली असतीस. तुझ्या देवेशने कळवलं की प्लेट नीट बसलीये आणि तू आत्तापासूनच घरातल्या सगळ्यांना पलंगावरून हुकूम सोडतेयस, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

एक विनंती, फोन करू नको. परवा तू पाच मिनिटं बोललीस, त्यातलं मला 'भात' एवढंच ऐकू आलं, आणि मी म्हटलं, वा, छान झालं. नंतर देवेशचा मेसेज आला की तू भात खाऊन उलटी झाल्याचं सांगत होतीस. कानात यंत्र घातलं की शेजारणीचा कुकर कानात शिजतो आणि माणसं लांब जातात, म्हणून ते ड्रॉवरमध्ये आहे. मोबाइलवर लिहायचं म्हटलं तर तुझे डोळे आणि माझी बोटं, दोन्ही बाद. तू सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलीस आणि सख्खा भाऊ फोनला निरुपयोगी निघाला. तेव्हा पत्र लिही. बोरिवली ते मुलुंड चार दिवस लागतात, पण तुला उठून जायचंय कुठे आणि मला तरी कोण बोलावतंय.

माझं ठीक आहे. माधुरी गेल्यापासून स्वयंपाक मीच करतो हे तुला माहीत आहे, आता आमटी चक्क आमटीसारखी लागते. केतन बंगळुरूहून दर रविवारी व्हिडिओ लावतो, मी हात हलवतो, तो हात हलवतो, संपलं.

गंमत सांगतो. परवा चपला घ्यायला गेलो होतो. दुकानातली बाई म्हणाली, काका, टाचेला डांबर लागलंय. बिचारी फडक्याने पुसायला लागली, ते काही निघेना. मग माझ्या लक्षात आलं. मे महिन्यात गावी गेलो तेव्हा डाव्या टाचेत करवंदीचा काटा मोडला होता. आपल्या गुणाजीने सुईने उकरला आणि वर बिब्बा गरम करून चटका दिला. "आता काय्येक होवचा नाय," म्हणाला. चुलत भाऊ असला तरी हाताला गुण आहे त्याच्या. काही झालं नाहीच, फक्त बिब्ब्याचा डाग राहिलाय. बाईला बिब्बा म्हणजे काय ते समजावता समजावता चपला घ्यायच्या राहिल्या.

वॉकर घेऊन चालायला लागलीस की कळव.

तुझा,
नंदू


मुलुंड पूर्व
१४ ऑक्टोबर २०२४

नंदू,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा दीप्तीला वाचून दाखवलं. सुनेला सासूच्या माहेरचं पत्र ऐकायला लागणं ही शिक्षाच आहे, पण ती हसत होती. डांबरापर्यंत हसली. मग म्हणाली, आई, मे महिन्यातला डाग अजून आहे?

तुला माहीत आहे, ती घाटकोपरच्या लॅबमध्ये दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून लोकांच्या शरीराचे तुकडे बघते. अशा माणसाच्या मनात चांगलं काही येत नाही, मी तिला तसं बोललेही. पण तिने जे विचारलं ते लिहिते, नीट उत्तर दे. डाग केवढा आहे? सगळीकडे एकच काळा आहे की कुठे तपकिरी, कुठे निळसर? कडा गोल आहे की वेडीवाकडी? मे महिन्यात होता तेवढाच आहे की वाढलाय?

ती म्हणते बिब्बा वरच्या कातडीला रंगवतो. कातडी झडते तसा डाग जातो, महिना, फार तर दोन महिने. पाच महिने टाचेवर टिकणारा बिब्बा तिने ऐकलेला नाही. मी म्हटलं, तू घाटकोपरात वाढलीस, तू बिब्बा बघितलायस कधी? तर म्हणाली, बिब्बा नाही बघितला, पण दुसरं बघितलंय.

फोटो पाठव म्हणाली. आणि डॉक्टरकडे जा. साध्या नाही, कातडीच्या.

मी इथे छताकडे बघत पडलेय. पंख्याला तीन पाती आहेत आणि तिन्ही कळकट आहेत, हे मला आजवर कधी दिसलं नव्हतं. माझ्यासाठी अस्मिता म्हणून बाई ठेवलीये, फार चांगली आहे, पण तिच्या मते मी लहान मूल आहे.

उत्तर लगेच टाक.

आक्का


बोरिवली पूर्व
२२ ऑक्टोबर २०२४

प्रिय आक्का,

घे, तुझं ऐकलं. डॉक्टरकडे जाऊन आलो. कातडीच्या नाही, आपल्या नेहमीच्याच. टाचेसाठी स्पेशालिस्ट म्हणजे फारच झालं.

गर्दी होती, पंखा घरघरत होता, आणि डॉक्टरांनी तोंडाला मास्क लावलेला. ओठ दिसत नाहीत तेव्हा माझी वाटच लागते, पण निभावलं. मी आधीच सांगून टाकलं, बिब्ब्याचा डाग आहे, बहीण घाबरली म्हणून आलो. त्यांनी टाच बघितली, हाताने चोळली. मग विचारलं, दम चढतोय का. मी म्हटलं, अजिबात नाही, उलट आधीपेक्षा बराच कमी झालाय. संध्याकाळी चालायला लागल्यापासून खरंच कमी झालाय. ते खूश झाले. लावायला मलम दिलं आणि महिन्याने या म्हणाले. संपला विषय.

फोटोचं म्हणशील तर स्वतःची टाच स्वतःच्या फोनमध्ये घ्यायला माणसाने सर्कशीत काम केलेलं असावं लागतं. शेजाऱ्यांपुढे पाय वर करून बसणं मला जमणार नाही. त्याऐवजी मी खाली आरसा ठेवला, पट्टी धरली आणि ड्रॉइंग काढलं. मरोळच्या कारखान्यात एवढी वर्षं ड्राफ्ट्समन होतो, अर्ध्या मिलिमीटरचा फरक मला आजही खपत नाही. सोबत ट्रेसिंग पेपर जोडलाय, स्केल एकास एक. दीप्तीला म्हणावं, मामेसासऱ्यांचा हात बघून घे. काळा भाग रेघांनी भरलाय, तपकिरी भाग ठिपक्यांनी. एका बाजूला किंचित बाहेर आलाय, तिथे गुणाजीचा बिब्बा ओघळला असणार.

आणि कॅन्सर हा शब्द तू लिहिला नाहीस तरी मी वाचला. अगं, कातडीचा कॅन्सर गोऱ्यांना होतो, समुद्रावर उघडे पडून राहतात त्यांना. आपण कोळशाच्या कुळातले. आणि टाचेला ऊन कुठून लागणार? टाच तर आयुष्यभर सावलीत असते.

दिवाळीची तयारी कशी चाललीये? चकल्या पलंगावरून पाडता येत नाहीत हे लक्षात ठेव.

नंदू


मुलुंड पूर्व
६ नोव्हेंबर २०२४

नंदू,

भाऊबीजेला तू आला नाहीस. पासष्ट ओलांडलीस तू, आणि ही पहिली भाऊबीज जिला मी तुला ओवाळलं नाही. देवेशला मेसेज केलास, पोट बिघडलंय. माझ्यापुढे पाटावर अनवाणी बसावं लागलं असतं आणि दीप्ती तिथेच उभी असती, हे तुझ्या पोटाला बरोबर कळलं. मी कॉटवर बसून तबक तयार केलं होतं. अस्मिताने शेवटी निरांजन विझवलं आणि करंज्या डब्यात भरल्या.

आता भांडायला बसते. त्या डॉक्टरांनी तुला दम चढतोय का असं विचारलंच नाही. टाचेचा डाग घेऊन आलेल्या माणसाला दम कशाला विचारतील? त्यांनी विचारलं असणार, डाग वाढतोय का. मी आयुष्यभर खरखरत्या लायनीवर लोकांचं बोलणं ऐकलंय, कुठला शब्द कुठल्या शब्दासारखा ऐकू येतो ते मला कळतं. आणि तू काय उत्तर दिलंस? अजिबात नाही, आधीपेक्षा कमी झालाय. त्यांनी मलम दिलं नसतं तर नवल. तुला ऐकू येत नाही याची मला चीड नाही रे, पण ऐकू आलं नाही की तू 'काय' म्हणून विचारत नाहीस, मनाने भरून टाकतोस, त्याची चीड येते.

तुझं ड्रॉइंग दीप्तीने खिडकीच्या काचेला लावून बघितलं. म्हणाली, मामा फार सुंदर काढतात. मग म्हणाली, आई, यात मला नको असलेलं सगळं आहे. दोन बाजू सारख्या नाहीत, कडा दातेरी, रंग एकाहून जास्त आणि आकार रुपयाच्या नाण्याला पोचत आलेला.

तिने मला समजावलं ते तुला जसंच्या तसं सांगते. उन्हाने होणारा कातडीचा कॅन्सर वेगळा, तो गोऱ्यांना जास्त होतो हे खरं आहे. पण आपल्यासारख्या सावळ्यांना मेलॅनोमा म्हणून जो वाईट प्रकार होतो, तो बहुतेक वेळा ऊन न लागणाऱ्या जागीच होतो. तळपाय, तळहात, नखाखाली. म्हणूनच कोणी बघत नाही. पायाला कोण बघतं? बघितलं तरी कुरूप म्हणतात, मार लागून रक्त साकळलंय म्हणतात, किंवा तुझ्यासारखं बिब्बा म्हणतात. वेळेत काढला तर तिथल्या तिथे संपतो, ती म्हणाली. तिने ते दोनदा म्हटलं म्हणून मीही दोनदा लिहिते. वेळेत काढला तर तिथल्या तिथे संपतो.

आणि नसेलही तसलं काही. तुकडा काढून तपासल्याशिवाय कोणालाच कळत नाही. तेवढंच कर. रविवारी दीप्ती तुझ्याकडे येतेय, घरी थांब.

आक्का


बोरिवली पूर्व
२५ नोव्हेंबर २०२४

आक्का,

दीप्तीला माझ्या दारावरून परत जावं लागलं याचं वाईट वाटतं. तिला सांग, मामा ओशाळलाय. मी त्या रविवारी सकाळीच मनोरीला गेलो. मार्वेहून बोट धरली, तिकडे किनाऱ्यावर एका झाडाखाली बसून राहिलो आणि ती निघून गेली असेल असा अंदाज घेऊन परतलो. म्हणजे सरळ सांगायचं तर पळालो.

तू खूप शहाणी आहेस. पण माधुरीच्या वेळी तू मुलुंडहून डबे पाठवत होतीस आणि मी तिच्याजवळ होतो. तिचाही आधी एक तुकडाच काढायचा होता. साधा तुकडा, उद्या घरी, असं म्हणाले होते. त्यानंतर ती दोन वर्षं जगली आणि त्यातला एक दिवस मला परत नको आहे. त्या वासाच्या कॉरिडॉरमध्ये मी पुन्हा जाणार नाही. कोणाला सोडायला नाही, स्वतःला घेऊन तर नाहीच.

डाग आहे तेवढाच आहे. तू केतनला काही कळवू नकोस. मार्चमध्ये त्याची बायको बाळंत होणार आहे, मी आजोबा होणार आहे. या वेळी तू माझ्या आनंदात बिब्बा घालू नकोस. हा शब्द आपोआप आला, हसू नको.

नंदू


मुलुंड पूर्व
३ जानेवारी २०२५

नंदू,

सव्वा महिना मी लिहिलं नाही. आधी रागाने लिहिलं नाही, मग लिहायला घेतलं आणि प्रत्येक वाक्य तुला दुखवेल असं वाटलं. माधुरीचं मी विसरलेले नाही.

तू नको म्हटलंस तरी मी केतनला फोन केला. तो म्हणाला, आत्या, बाबांनी डॉक्टरला दाखवलंय, मलम चालू आहे, तू उगाच टेन्शन घेते. पोरगा खोटं बोलत नव्हता, तू सांगितलेलं सांगत होता. मग मी देवेशला पाठवलं. तो येऊन म्हणाला, मामा झकास आहे, पोहे खायला घातले, पायात मोजे होते, थंडी आहे ना. बोरिवलीला डिसेंबरात दुपारी मोजे! त्याला काहीच वाटलं नाही. मी हातातला कप आपटला, एवढंच मला करता येतं. चार पावलं वॉकर घेऊन संडासापर्यंत जाते आणि येताना अस्मिताच्या खांद्यावर येते. नाहीतर मी स्वतः तुझ्या दारात येऊन बसले असते आणि तुझा पाय मांडीवर ओढून घेतला असता.

मी अस्मिताकडून माझे दोन्ही तळवे बघून घेतले. नखंही. भेगांशिवाय काही नाही. तिचेही मी बघितले, ती लाजून पाय मागे घेत होती. आता दीप्ती घरात येणाऱ्या प्रत्येकाला चपला काढल्यावर पाय दाखवायला लावते. म्हणजे तुझ्यापायी सगळ्यांचे पाय बघून झाले, फक्त तुझा राहिला.

डॉक्टरकडे जात नसशील तर एक कर. पुन्हा ड्रॉइंग काढ. आरसा, पट्टी, एकास एक. तुझ्या हाताइतका विश्वास माझा दुसऱ्या कशावर नाही.

आक्का


बोरिवली पूर्व
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय आक्का,

ड्रॉइंग सोबत आहे. मी मोजमापात खोटेपणा करत नाही, तेव्हा आहे तसं काढलंय. थोडा मोठा दिसेल. मधे एका जागी कातडी फुटली होती, मोज्याला रक्त लागायचं, ती जागा फुल्यांनी दाखवलीये. ते बघून घाबरू नको, कारण आता मला सगळा उलगडा झालाय आणि तो कळवायलाच हे पत्र लिहितोय.

गेल्या आठवड्यात आंघोळ करताना डाव्या जांघेत गाठ लागली. सुपारीएवढी, दाबली तरी दुखत नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. अगं, अवधान आलंय! आठवतं, मी शाळेत असताना खिळा लागून पाय पिकला होता, तेव्हा असंच जांघेत अवधान आलं होतं? आई म्हणाली होती, पायात काही राहिलं की वर अवधान येतं, ते निघालं की जातं. आणि गेलंही होतं.

म्हणजे बघ, काटा अजून आत आहे. गुणाजीने अर्धाच काढला आणि वरून बिब्ब्याने बंद करून टाकला. म्हणून डाग जात नाही, म्हणून फुटतोय, म्हणून अवधान. एकदम बरोबर बसतं की नाही? कॅन्सरला कुठे अवधान येतं? मी इतके महिने मनात काय काय घेऊन फिरत होतो ते तुला लिहिलं नव्हतं. काल संध्याकाळी कित्येक दिवसांनी मला जेवणाला चव लागली.

आता पोटीस बांधतोय. काटा वर आला की एखाद्या डॉक्टरकडून काढून घेईन, हा शब्द देतो. दीप्तीला सांग, तुझी सूक्ष्मदर्शकवाली विद्या थोर, पण आमच्या आईला हे न शिकता कळत होतं.

तुझा,
नंदू


मुलुंड पूर्व
७ फेब्रुवारी २०२५

नंदू,

हे पत्र देवेशच्या हाती पाठवतेय, पोस्टाने नाही. तो गाडी घेऊन खाली उभा असेल. वाच आणि त्याच्याबरोबर नीघ.

तुझं पत्र आलं तेव्हा मला आनंद झाला. अवधान शब्द वाचला आणि छातीवरचा धोंडा उतरला. मलाही तेच पटलं, अगदी तुझ्यासारखंच, काटा आत आहे, अवधान आलंय, बरं झालं. मी दीप्तीला ओरडून हाक मारली आणि म्हटलं, अगं, काट्याचंच निघालं, त्याला अवधान आलंय. तिला शब्दच माहीत नव्हता. म्हणाली, अवधान म्हणजे लक्ष ना? मी हसून सांगितलं, नाही गं, पायाला काही झालं की जांघेत गाठ येते ती.

ती माझ्या पलंगावर बसली. म्हणाली, आई, गाठ? कुठल्या बाजूला? मी म्हटलं डाव्या. दुखते का? मी म्हटलं, नाही, दुखत नाही असं लिहिलंय.

नंतर तिने तुझी दोन्ही ड्रॉइंग एकावर एक ठेवली. ट्रेसिंग पेपर, त्यामुळे आरपार दिसतं. ऑक्टोबरचा डाग फेब्रुवारीच्या डागात सगळ्या बाजूंनी आत बुडून गेला होता. मी तुझ्या रेघेला नावं ठेवू शकत नाही.

पिकलेल्या पायाचं अवधान दुखतं, ती म्हणते, हात लावू देत नाही. न दुखणारी गाठ वेगळी. आईला खिळ्याचं कळत होतं, याचं आईला कळलं नसतं.

मी तुला आता घाबरवत नाहीये, मी घाबरलेय. त्या कॉरिडॉरमध्ये देवेश तुझा हात धरेल. दीप्तीने अंधेरीच्या हॉस्पिटलात वेळ घेऊन ठेवलीये. नंदू, उठ.

आक्का


बोरिवली पूर्व
१२ मार्च २०२५

प्रिय आक्का,

देवेश आणि दीप्तीने तुला सगळं सांगितलंच असेल. तरी माझ्या हातचं तुला हवं असेल म्हणून लिहितो.

अंधेरीचे सर्जन भले माणूस आहेत. मला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यांनी मास्क काढला नाही, पण पॅड काढलं आणि मोठ्या अक्षरात मराठीत लिहायला लागले. सुंदर अक्षर, शिरोरेघ सरळ. गेल्या कित्येक वर्षांत डॉक्टरचं बोलणं मला पहिल्यांदाच शंभर टक्के कळलं. कळलं नसतं तर बरं, असंही वाटून गेलं.

टाचेचा तुकडा आणि जांघेतल्या सुईचा रिपोर्ट, दोन्हीचं उत्तर एकच आलं. दीप्तीने म्हटलं होतं तेच. काटा नव्हता. टाचेत काटा कुठेच नव्हता, गुणाजीने तो पूर्ण काढला होता. त्याला कोणी काही बोलू नका, त्याचा यात काही संबंध नाही. त्यांनी लिहून दिलं की काट्याने किंवा बिब्ब्याने हे होत नाही. डाग बहुधा काट्याच्या आधीपासून असेल, कोणी बघितला नसेल. माधुरी असती तर तिने बघितला असता. ती माझ्या टाचांना खोबरेल लावायची.

टाचेचा मोठा भाग काढतील, मांडीची कातडी लावतील. जांघेतल्या गाठी काढतील. मग इंजेक्शनं, वर्षभर. फोटोत छातीतही काहीतरी बारीक दिसतंय, त्याचं त्यांनी लिहिलं, लक्ष ठेवू. मी विचारलं, बरा होईन ना? त्यांनी लिहिलं, प्रयत्न करू.

मग मी विचारलं, दिवाळीत आलो असतो तर? तेव्हा गाठ नव्हती. तुला खरं सांगतो, मी रोज चाचपत होतो, नव्हती. डॉक्टरांनी पेन कागदावर टेकवलं. मग त्यांनी ऑपरेशनची तारीख लिहिली, २१ मार्च, सकाळी उपाशी पोटी या.

केतन आला आहे. नात झाली, चार दिवसांची आहे, तिला सोडून आला. माझ्याशी धड बोलत नाही आणि माझ्यासमोरून हलतही नाही.

आक्का, तुझं नोव्हेंबरचं पत्र काढून वाचलं. वेळेत काढला तर तिथल्या तिथे संपतो, असं तू दोनदा लिहिलंयस. वेळेत म्हणजे कधी? भाऊबीजेला मी पाटावर बसलो असतो आणि दीप्तीने बघितलं असतं, ती वेळ होती का? इथे मला कोणी सांगत नाही. केतन म्हणतो, बाबा, आता कशाला. तू मला कधी गोड बोलून फसवलं नाहीस. तू लिही.

नंदू


मुलुंड पूर्व
१७ मार्च २०२५

नंदू,

नातीला माझा आशीर्वाद. तिचं नाव अपूर्वा ठेवायचं चाललंय असं देवेश म्हणाला. छान आहे.

परवा मी तुझ्याकडे यायला निघाले होते. सगळे नको म्हणत असताना देवेशला गाडी काढायला लावली. मागच्या सीटवर उशा लावून बसले. भांडुपपर्यंत आले. रस्ता खणलेला, गाडी एकदा आपटली आणि माझ्या तोंडून अशी किंकाळी निघाली की देवेशने न विचारता गाडी वळवली. मी त्याला थांब म्हटलंसुद्धा नाही. घरी येऊन अस्मिताने मला झोपवलं, तेव्हा मी तिच्यादेखत रडले. एकवीस तारखेलाही मी तिथे नसेन. टाच कापतील, गाठी काढतील, तू शुद्धीवर येशील, आणि मी इथे छताखाली असेन.

तुझा प्रश्न मी रात्रभर उशीखाली ठेवला होता. दीप्तीला विचारलं. ती म्हणाली, आई, असं सांगता येत नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं. मी म्हटलं, ते मामाला सांग, मला खरं सांग. तिने भाजी चिरायला घेतली. मी तरी तिच्याकडे बघत राहिले. शेवटी तिने मान हलवली. हो अशी.

तेव्हा तुझं उत्तर हो आहे. भाऊबीजेला आला असतास तर बहुतेक टाचेवरच संपलं असतं. थोडा लंगडला असतास आणि मी त्यावरून तुला चिडवलं असतं.

केतन म्हणतो तसं, आता कशाला, हे मलाही कळतं. हे वाचून तुझं काय होईल ते मला माहीत नाही आणि ते बघायला मी तिथे नाही. खोटं लिहायला बसले होते. लिहिलंही होतं, फाडलं. तू माझ्याकडे एकच गोष्ट मागितलीस, नंदू, आणि तुला देण्यासारखं माझ्याजवळ दुसरं काहीही उरलेलं नाही.

आक्का